जेन ऑस्टिन आणि बहिणीची सही

(चिंचवड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना मला ‘इंग्रजी साहित्याचे जाणकार’ म्हटलं. दुसऱ्या रांगेत माझ्याबरोबर मशीन शॉपमध्ये घाम गाळलेले चौघे बसलेत, त्यांना हसू आवरलं नाही. त्यांचं बरोबरच आहे. मी आयटीआयचा टर्नर. पिंपरीच्या एका कारखान्यात आधी लेथवर आणि मग टूलरूममध्ये आयुष्य काढलं. इंग्रजी घेऊन बी.ए. झालो तो बहिःस्थ विद्यार्थी म्हणून, आणि पुस्तकं वाचली ती कंपनीच्या बसमध्ये. पहिल्या पाळीची बस चाकणहून अंधारातच निघायची. जाताना झोप, येताना वाचन, असा नेम होता.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी जमतो, ते गुरुजी कामगारांच्या वाचनालयाचं कपाट संध्याकाळी दोन तास उघडत. १९८४ साली मी त्यांच्याकडे रडगाणं गायलो, ‘गुरुजी, परीक्षेला जेन ऑस्टिन लागलीय. दोनशे वर्षांपूर्वीच्या बायकांच्या लग्नाच्या गोष्टी. जिवावर आलंय.’ गुरुजींनी पुस्तक काढलं, उपरण्यानं पुसलं आणि म्हणाले, ‘लग्नाच्या गोष्टी म्हणून वाचू नकोस. किराणा दुकानाची खतावणी म्हणून वाच.’

त्या एका वाक्याच्या भांडवलावर मी आज तासभर बोलणार आहे.

आधी या बाईंची ओळख. जन्म १६ डिसेंबर १७७५, इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातलं स्टीव्हन्टन गाव. वडील तिथले धर्मगुरू. घरी मुलं ठेवून शिकवणीही घ्यायचे, कारण चर्चच्या उत्पन्नात भागत नव्हतं. मृत्यू १८ जुलै १८१७, वय ४१. पुऱ्या झालेल्या कादंबऱ्या सहा. त्यातल्या चार हयातीत निघाल्या, पण एकीवरही नाव नाही. पहिलीवर फक्त ‘एका स्त्रीकडून’ अशा अर्थाचे शब्द होते. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क तिनं प्रकाशकाला ११० पौंडांना विकले. तिला १५० हवे होते. ‘नॉर्दँगर ॲबी’ तर दुसऱ्या एका प्रकाशकानं १८०३मध्ये १० पौंडांना घेतली आणि छापलीच नाही. १८१६मध्ये तेच १० पौंड भरून ती परत सोडवून आणली. गहाण टाकलेलं भांडं सोडवावं तशी. अशी बाई लिहायला बसल्यावर पैशाकडे डोळेझाक करील कशी?

करतच नाही. तिच्या कादंबरीत माणूस दारातून आत येतो न येतो, तोच त्याचा आकडा दिवाणखान्यात पोचलेला असतो. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधला डार्सी, वर्षाला १० हजार पौंड. त्याचा मित्र बिंगली, ४ ते ५ हजार. नायिकेचे वडील बेनेट, २ हजार. पण पदरात पाच मुली, मुलगा नाही, आणि जमिनीला अशी अट की ती पुरुष वारसाकडेच जाईल. म्हणजे बाप डोळे मिटताच घर दूरच्या चुलतभावाचं. हे सगळं पहिल्या काही प्रकरणांतच कळतं. आकडा एकदा सांगून झाला की कोणी पुन्हा त्याचं नाव काढत नाही. सगळे सौजन्य, संस्कार, घराणं, स्वभाव यांवर बोलू लागतात. वाचकाला मात्र आकडा पाठ असतो. तोंडानं चाललेलं बोलणं आणि मनात चाललेला हिशेब यांच्यात जी फट राहते, तिच्यात बोट घालून ही बाई हळूच गुदगुल्या करते. तिचा सगळा विनोद तेवढ्या फटीतला. तिच्या गोष्टीत कोणी केळीच्या सालीवरून घसरत नाही.

आता आपल्या पिंपरी-चाकण पट्ट्यातला लग्नाचा बायोडाटा आठवा. ‘मुलगा कंपनीत पर्मनंट.’ त्यात पगार लिहिलेला नसतो, पण कंपनीचं नाव वाचताच मुलीचा मामा पगार, बोनस आणि पुढच्या करारात काय सुटेल तेही सांगतो. ‘शेती: रोडटच.’ किती पिकतं हे कोणी विचारत नाही. रस्ता किती मीटरचा होणार हे विचारतात. ‘भाड्याच्या खोल्या १४.’ आणि सगळ्यात खाली ‘अपेक्षा: काही नाही’. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा आला, तेव्हापासून ‘काही नाही’ हा आपल्या भाषेतला सगळ्यात महाग शब्द झाला. ‘आमची काही अपेक्षा नाही, तुमच्या मुलीला तुम्ही हौसेनं जे घालाल ते घाला’ या वाक्यात ‘हौसेनं’वर केवढा भार असतो, तो ज्यानं मंगल कार्यालयाचं बिल भरलंय त्याला विचारा.

मी हे टिंगल म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी टिंगल आहेच, पण मुद्दा वेगळा आहे. आपला हा पट्टा गेल्या तीसेक वर्षांत ऑस्टिनच्या इंग्लंडसारखा झाला, आणि ते आपल्याला कळलं नाही.

१९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. मागोमाग भोसरी, आकुर्डी, चिंचवड भागात शेडवर शेड उभी राहिली आणि १९८२मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. या सगळ्या काळात ऐट असायची ती पगाराची. पर्मनंट कामगार गावी गेला की पाटलासारखा वागायचा. चाकण तेव्हा कांद्याचं होतं. बाजाराच्या दिवशी नाकाला कळायचं की चाकण आलं. मग १९९०च्या दशकाच्या शेवटापासून कारखाने चाकणला सरकले आणि माती सोन्याच्या भावानं जाऊ लागली. पगाराला कोणी विचारेना. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १०८९ चौरस फूट. एवढ्याशा तुकड्यानं माणसाचा सामाजिक दर्जा ठरू लागला आणि ‘गुंठामंत्री’ हा शब्द जन्माला आला. मराठी भाषेच्या प्रतिभेला दाद द्यायला हवी. एवढी टोकदार पदवी ऑस्टिनलासुद्धा सुचली नसती.

जरा विचार करा, डार्सी काय काम करतो? काहीच नाही. जमिनीचा खंड येतो, ठेवींचं व्याज येतं. आमचा गुंठामंत्री काय करतो? खोल्यांचं भाडं घेतो, ठेवीचं व्याज घेतो, फार तर भंगाराचं नाहीतर पाण्याच्या टँकरचं कंत्राट. दोघांनाही रिकामा वेळ पुष्कळ, दोघांच्याही भोवती माणसं पुष्कळ. दोघांनाही प्रश्न एकच पडतो, हा माझ्याशी गोड बोलतोय की माझ्या सातबाऱ्याशी? डार्सी घोड्यावरून येतो आणि आमचा माणूस गळ्यात साखळी घालून पांढऱ्या गाडीतून. बाकी गर्व तोच, पूर्वग्रह तेच.

मग एक प्रश्न मला फार दिवस छळत होता. इंग्रजी कादंबरी मराठीत आली एकोणिसाव्या शतकात. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’, १८८५ सालची; तिला आधार रेनॉल्ड्सच्या लंडनवरच्या रहस्यकथांचा. हा रेनॉल्ड्स त्या काळी हिंदुस्थानभर चवीनं वाचला जात होता. त्यात खून होते, तळघरं होती, पडलेल्या बायका होत्या. ऑस्टिन मात्र आपल्या पूर्वजांना भावली नाही. का?

मला सुचलेलं उत्तर असं. ऑस्टिनच्या गोष्टीला एक गोष्ट लागतेच लागते: ‘नाही’ म्हणू शकणारी मुलगी. एलिझाबेथ बेनेट आधी त्या वारस चुलतभावाला, कॉलिन्सला नाही म्हणते, मग दहा हजारांच्या डार्सीलाही नाही म्हणते, आणि त्या दोन नकारांवर अख्खी कादंबरी उभी आहे. हरिभाऊंच्या पुण्यात मुलीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी व्हायचं. नऊ वर्षांची पोर नकार देणार कोणाला? त्यामुळे हरिभाऊ ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहायला बसले तेव्हा त्यांच्या हातून यमूची करुण कहाणी झाली, आणि दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. त्याच सुमाराला एक मराठी मुलगी खरोखरच ‘नाही’ म्हणाली. रखमाबाई. अकराव्या वर्षी झालेलं लग्न आपल्याला बांधत नाही, असं तिचं म्हणणं. १८८४मध्ये नवऱ्यानं दावा लावला. १८८७मध्ये मुंबईच्या हायकोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाते. तडजोड होऊन ती सुटली, विलायतेत शिकून डॉक्टर झाली, ही पुढची गोष्ट. जी गोष्ट एलिझाबेथनं दिवाणखान्यात, खुर्चीवर बसून केली, तिला आपल्याकडे हायकोर्ट लागलं. आता मुली शिकतात, कमावतात, कांदेपोहे ठेवून आत गेल्यावर आईला सांगतात, ‘हा नको.’ ऑस्टिनला लागणारी सगळी सामग्री आज जमली आहे: जमीन, वारसा, शिकलेल्या मुली, आणि आकडा ओठांवर येऊ न देणारे सभ्य लोक.

जाता जाता एक. ऑस्टिनची सख्खी आत्या फिलाडेल्फिया १७५२मध्ये जहाजात बसून मद्रासला आली होती. कशाला? स्थळ बघायला. इंग्लंडात पैसा नसलेल्या मुलीला नवरा मिळेना, म्हणून कंपनी सरकारच्या नोकरांकडे पाठवायची पद्धत होती. तिला एक डॉक्टर मिळाला. मोशीच्या मुलीला नाशिकचं स्थळ ज्यांना लांब वाटतं, त्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावं. ‘कंपनीत पर्मनंट’ नवऱ्याचा शोध तेव्हापासून चालू आहे, फक्त कंपन्या बदलल्या.

आता विनोदाबद्दल बोलतो, कारण विषयपत्रिकेवर तो शब्द आहे.

‘एमा’मध्ये एक सहल आहे. टेकडीवर सगळे जमलेत, कंटाळलेत. एकजण खेळ काढतो की प्रत्येकानं एक अतिशय हुशारीचं वाक्य बोलावं, नाहीतर दोन बऱ्यापैकी, नाहीतर तीन अगदी रटाळ. मिस बेट्स नावाची एक प्रौढ, गरीब, भाबडी बाई आहे. अखंड बोलते. ती आपण होऊन म्हणते, तिसरं मला जमेल, तोंड उघडलं की तीन रटाळ वाक्यं निघतीलच. श्रीमंत, तरुण, हुशार एमा ताडकन म्हणते की अडचण एवढीच आहे, तुम्हाला तीनवर थांबावं लागेल. मिस बेट्सला आधी कळत नाही. मग कळतं. ती चिडत नाही. तिचा चेहरा तेवढा लाल होतो आणि ती स्वतःलाच दोष देते. नंतर नाइटली हा एमाचा जुना स्नेही तिला बाजूला घेऊन झापतो. त्याचं म्हणणं सरळ आहे: ती तुझ्या बरोबरीची असती तर मी एक शब्द बोललो नसतो. ती गरीब आहे, उतारवयात आणखी गरीब होणार आहे, आणि तू तिला चारचौघांत हसलीस.

हे प्रकरण वाचलं त्या आठवड्यात मी कँटीनमध्ये काय केलं होतं ते सांगतो. जुन्या लोकांना टेम्पररी कामगारांची सात महिन्यांची भानगड आठवत असेल. वर्षभरात २४० दिवस भरले तर कायद्यानं हक्क लागू होतात, म्हणून सातव्या महिन्यात ब्रेक द्यायचा, मग दुसऱ्या कंपनीच्या गेटवर उभं राहायचं. असाच एक मराठवाड्यातला पोरगा आमच्या शॉपमध्ये होता. सणाचा शिरा होता, त्यानं दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. मी म्हणालो, ‘वाढा हो, सातवा चालू आहे, डोहाळे लागायचेच.’ टेबल कोसळलं. तोही हसला. पर्मनंट माणसाच्या विनोदाला टेम्पररीनं हसायचं असतं, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. पुढच्या पंधरवड्यात तो गेला. विनोद चांगला होता, हे मी आजही नाकारत नाही. तुम्हीही आत्ता हसलात.

एमाला निदान दुसऱ्या दिवशी मिस बेट्सच्या घरी जायची बुद्धी झाली. मला त्या पोराचं गावही माहीत नव्हतं.

विनोदी माणसांबद्दल ऑस्टिनचं मत फारसं बरं नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही, कारण ती स्वतः एवढी विनोदी आहे. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधले बेनेट घ्या. पुस्तकातला सगळ्यात मजेशीर माणूस. बायको मूर्ख, म्हणून तो तिच्यावर पोरींदेखत कोट्या करतो आणि लायब्ररीचं दार लावून बसतो. वाचताना आपण त्याच्या बाजूचे असतो. मग कळतं की या गृहस्थानं २ हजारांतला एक पौंड मागे टाकलेला नाही. का, तर मुलगा होईल, तो वयात आला की दोघं मिळून जमिनीची अट मोडू, मग बचत कशाला? पाच मुली झाल्या तरी वर्षानुवर्षं आशा सुटत नव्हती. ती सुटली तेव्हा बचतीला उशीर झाला होता. ज्याला घरातल्या प्रत्येकाचं हसू येतं, त्याचीच चूक घराला सगळ्यात महाग पडते.

आता मूळ प्रकरणावर येतो. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’, १८११, दुसरं प्रकरण. जेमतेम पाच-सहा पानांचं. माझ्या मते माणसाच्या नीतीविषयी यापेक्षा नेमकं काही मी वाचलेलं नाही, आणि त्यात एकही वाईट माणूस नाही.

बाप मरणाला टेकलाय. पहिल्या बायकोचा मुलगा जॉन डॅशवूड, तो आधीच गडगंज. आईकडून आलेलं, बायकोकडून आलेलं, आता वाडाही त्याच्याकडे येणार. दुसरी बायको आणि तिच्या तीन मुली, त्यांना फारसं काही नाही. बाप मुलाकडून शब्द घेतो, यांच्याकडे बघ. जॉनचं मन भरून येतं. तो स्वतःशी ठरवतो, तिन्ही बहिणींना हजार-हजार पौंड द्यायचे. विचारानंच त्याची छाती फुगते. किती उदार आपण!

मग बायको फॅनी बोलते. ती नको म्हणत नाही. आपल्या एकुलत्या लेकराचं कसं, एवढंच विचारते. सावत्र बहिणी म्हणजे निम्मंच रक्त, नाही का? हजाराचे पाचशे होतात. पाचशेसुद्धा त्यांना छप्पर फाडके वाटतील. मग त्यापेक्षा सावत्र आईला वर्षाला शंभर दिले तर? फॅनी म्हणते, वर्षासन लावलं की माणसं मरत नाहीत, आणि सासूबाई तर धडधाकट आहेत, चाळिशीच्या. मग वर्षासन नको. मधून मधून पन्नास पौंड भेट. मग तेही कशाला. बापाच्या मनात पैसे द्यावेत असं नसणारच. छोटं घर बघून द्यावं, सामान हलवायला मदत करावी, हंगामात मासे आणि शिकार पाठवावी, असंच असणार. शेवटी फॅनीला वाटतं की एवढ्या काटकसरीत राहणाऱ्या त्या बायकाच उलट आपल्याला काही देऊ शकतील. आणि हो, त्यांच्या वाट्याला गेलेला चिनी मातीचा संच जरा जास्तच चांगला आहे.

३ हजार पौंडांपासून मासळीपर्यंत. प्रत्येक पायरीवर जॉन आधीच्या पायरीइतकाच उदार राहतो. तो कुठेही शब्द मोडत नाही. शब्दाचा अर्थ तेवढा बारीक करत नेतो.

१९८४ साली बसमध्ये मी हे वाचून इतक्या मोठ्यानं हसलो की ड्रायव्हरनं मागे वळून बघितलं.

फॅनीवर सगळे तुटून पडतात. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांतही तसंच आहे. आपल्या मावळ-मुळशीपासून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतला भाऊ मोठ्या मनाचा, वाट चुकवून बहिणीला भेटायला येणारा; आडवी येते ती भावजय. बहिणींनी शतकानुशतकं दळता दळता भावाला निर्दोष सोडलंय. ऑस्टिननं सोडलं नाही. ते प्रकरण पुन्हा वाचा. फॅनी बोलते ते प्रत्येक वाक्य जॉनला ऐकायचंच असतं. तिनं थोडी वाट दाखवली की तो दोन पावलं पुढे जातो. वर्षासनाची कल्पना फॅनीची नाही, त्याचीच आहे.

ऑस्टिनला हे ठाऊक असायला कारणही होतं. १८०५मध्ये वडील वारले, तेव्हा आई, बहीण कॅसँड्रा आणि ती अशा तिघी भावांच्या भरवशावर आल्या. हिशेब पत्रांतून झाला. एका भावाचे वर्षाला ५० पौंड, दुसऱ्याचे ५०. नौदलातला फ्रँक १०० द्यायला तयार होता, आईनं ५०च घेतले. एडवर्ड हा भाऊ श्रीमंत नातेवाइकांना दत्तक गेलेला, दोन मोठ्या जहागिरींचा धनी, त्याचे १००. चॉटनला त्याच्या मालकीचं एक घर त्यांना राहायला मिळालं ते १८०९मध्ये. मधली चार वर्षं इथे भाड्यानं, तिथे पाहुणे म्हणून. भाऊ वाईट नव्हते. कादंबरीचा पहिला खर्डा तर वडील जिवंत असतानाचा, तेव्हा हा भावांवरचा सूड म्हणता येत नाही. पण चॉटनच्या त्या घरात बसून तिनं ती पुन्हा हातावेगळी केली, तेव्हा आकडे तिला शोधावे लागले नसणार.

आता माझी वही उघडतो. गुरुजींनी खतावणी म्हटलं होतं, आणि खतावणीत एक पान कोरं ठेवणं बरं दिसत नाही.

आंबेठाणच्या वाटेवर आमची पावणेतीन एकर जमीन होती. आंबेठाण म्हणजे शरद जोशींचं गाव. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रसंघाची नोकरी सोडून हा माणूस तिथे कोरडवाहू शेती करायला आला, चाकणच्या कांद्याचं आंदोलन इथूनच पेटलं, ते तुम्हाला माहीत आहे. पुढे त्यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावावर करावा, सातबाऱ्यावर लक्ष्मीचं नाव लागावं. मी त्यासाठीच्या एका सभेला गेलो होतो. टाळ्या वाजवून हात दुखले. घरी आलो, जेवलो, झोपलो.

वडील १९९८मध्ये गेले. जाताना म्हणाले, ‘पोरींना ईसरू नको.’ वारसनोंदीत आईचं, माझं आणि दोघी बहिणींचं नाव लागलं. मग आईही गेली. २००५मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती केंद्रानं केली. महाराष्ट्रानं १९९४मध्येच केली होती, पण लग्न झालेल्यांना वगळून. २००६मध्ये आमच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं. आकडा सांगतो, नाहीतर मगाचपासून मी बोललो त्याला अर्थ नाही: ५५ लाख.

श्रावणात मी ठरवलं, तिघांत सारखे. कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच. त्या रात्री फार छान झोप लागली. गौरी-गणपतीत घरून विषय निघाला, ‘वन्संचा थोरला आता कमावता झालाय, आपला अजून इंजिनिअरिंगला.’ खरंच होतं. दहा-दहा लाख. पितृपंधरवड्यात मलाच सुचलं, एवढी रक्कम एकदम हातात पडली तर दाजी कुठे घालतील? बहिणीच्याच भल्याचं नाही. पाच-पाच, तेही ठेवीत, मी व्याज नेऊन देईन. दसऱ्याला वाटलं, दर वर्षी व्याज नेऊन द्यायचं म्हणजे तिच्या सासरी तिला मिंधं केल्यासारखं. अडीअडचणीला भाऊ आहेच की. दिवाळीला येवल्याहून दोन पैठण्या आणल्या. दोन्ही एकाच किमतीच्या घेतल्या, कारण कोणावर अन्याय व्हायला नको होता.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्र. तुम्हाला माहीत आहे, यात बहीण लिहून देते की मी राजीखुशीनं, कोणताही मोबदला न घेता हक्क सोडते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोघींना बसवलं. आक्का चौथी शिकलेली, सही सावकाश करते. कारकुनानं सांगितलं, ‘मावशी, कॅमेऱ्याकडे बघा.’ ती मला म्हणाली, ‘फोटो काढत्यात व्हय? थांब, पदर नीट करू दे.’ नवी पैठणी नेसली होती. बाहेर आल्यावर तिनं कमरेच्या पिशवीतून पाचशेची नोट काढली आणि माझ्या मुलाच्या खिशात कोंबली, ‘इंजिनिअर होतोयस ना, पुस्तकं घे.’

चिनी मातीचा संच मला तेव्हा आठवला नाही. तेवढं मी खरं सांगतो. तोपर्यंत हे प्रकरण माझं तीनदा वाचून झालं होतं. एकदा बसमध्ये, एकदा परीक्षेसाठी, एकदा हौसेनं.

धाकट्या बहिणीची मुलगी आता चाकणला एका कंपनीत क्वालिटी विभागात इंजिनिअर आहे. गेल्या दिवाळीत घरी आली, कपाट चाळलं, हेच पुस्तक काढलं आणि सोफ्यावर आडवी पडून वाचू लागली. थोड्या वेळानं खदखदून हसायला लागली. कुठलं पान ते मला लांबूनच कळलं. मग तिचं हसू थांबलं. पुस्तक छातीवर पालथं ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

‘मामा,’ ती म्हणाली, ‘हे तुम्ही वाचलंय?’

मी म्हणालो, ‘तीनदा.’